माध्यमिक शाळेतला गौरव: यश, प्रयत्न आणि नागरिकभान नेमकं कसं हेरायचं?

कोरी_वही (धागाकर्ती)

वर्षाअखेरीच्या बक्षीस समारंभात बहुतेक शाळांत तीच ती दहा-पंधरा मुलं पुन्हा पुन्हा मंचावर येतात. आधी पहिले तीन क्रमांक, मग वक्तृत्व, खेळ आणि शेवटी 'आदर्श विद्यार्थी'. हा आदर्श कसा निवडला असं विचारलं, तर उत्तर येतं, "सगळ्या शिक्षकांच्या मते." म्हणजे शिक्षकांच्या खोलीत पाच मिनिटांत जी नावं आठवली, त्यांतलं एक. यात दुजाभाव करायचा कुणाचाच हेतू नसतो. पण आठवणीत राहतात ती दोन टोकांची मुलं, फार हुशार आणि फार दंगेखोर. मधल्या रांगांमधली मुलं वर्षभर वर्गात असूनही कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. हा धागा त्यांच्यासाठी काढला आहे.

माझं म्हणणं असं, की गौरव वर्षभरातल्या तारीखवार नोंदींवरून ठरावा. ज्याच्या नावावर नोंद नाही, त्याला पुरस्कार नाही, मग ते मूल कितीही लाडकं असो.

पहिली गोष्ट म्हणजे यश, प्रयत्न आणि नागरिकभान (न सांगता इतरांच्या उपयोगी पडणं) यांचे हिशेब वेगळे ठेवा. तिन्हींची बेरीज करून एक 'सर्वांगीण' क्रमांक काढायची पद्धत सर्रास दिसते आणि ती फसवी आहे. परीक्षेचे गुण वर्गात ३० पासून ९५ पर्यंत पसरलेले असतात, तर शिक्षकांनी प्रयत्नांना दिलेले गुण जवळजवळ सगळ्यांनाच दहापैकी ७ ते ९. बेरीज केली की ज्या रकान्यात फरक मोठा, तोच रकाना क्रम ठरवतो. कागदावर प्रयत्नांना ४० टक्के वजन दिलेलं असलं, तरी यादी जवळपास गुणांचीच निघते.

नोंदीचा साचा साधा ठेवावा: तारीख, वर्ग आणि हजेरी क्रमांक, मुलाने काय केलं, त्याने काय झालं, नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं. वीस-पंचवीस शब्द पुरतात. विशेषणं नकोत. 'मेहनती, नम्र, मनमिळाऊ' ही नोंद नव्हे. 'विद्युत परिपथ तीनदा जोडूनही दिवा लागला नाही; चौथ्यांदा प्रत्येक सांधा वेगळा तपासून तुटलेली तार शोधली' ही नोंद. दुसरी वाचून तिऱ्हाईत माणूसही मत बनवू शकतो.

काम किती वाढतं, तेही पाहू. ४० मुलांचा वर्ग, सहा विषयशिक्षक, प्रत्येकाने आठवड्याला दोन नोंदी केल्या तर आठवड्याच्या १२. शिकवण्याचे ३० आठवडे धरले तर ३६०, म्हणजे सरासरी मुलामागे ९. पण सरासरीवर विसंबू नका. दर सहा आठवड्यांनी यादी उघडून एकही नोंद नसलेली नावं बाजूला काढा. मला तरी या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. अशा मुलाची रिकामी जागा भरायला नोंद रचायची नाही. पुढचे दोन आठवडे त्याच्याकडे मुद्दाम लक्ष द्यायचं, एवढंच.

प्रगती कशी मोजावी, नागरिकभानाची निवड कुणी करावी आणि हजेरीच्या बक्षिसांचं काय करावं, यावर जाणकारांनी लिहावं.

गणिती_कोन

प्रगतीबद्दल लिहितो. 'सर्वाधिक सुधारणा' हे बक्षीस बहुतेक ठिकाणी दुसऱ्या परीक्षेच्या गुणांतून पहिल्या परीक्षेचे वजा करून दिलं जातं. ही वजाबाकी तीन ठिकाणी दगा देते.

एक, दोन प्रश्नपत्रिका सारख्या अवघड नसतात. समजा पहिल्या परीक्षेची सरासरी ६२ आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १२, दुसरीची सरासरी ५५ आणि विचलन १०. एका मुलाचे ४४ चे ५० झाले. वजाबाकी फक्त ६. पण सरासरीपासूनचं अंतर विचलनात मोजलं तर तो उणे १.५ वरून उणे ०.५ वर आला, म्हणजे पूर्ण एक विचलन वर चढला. दुसऱ्या एका मुलीचे ६२ चे ५५ झाले. ती होती तिथेच आहे, वजाबाकी मात्र तिची घसरण दाखवते. सूत्र सोपं आहे: गुणांतून सरासरी वजा करा, उत्तराला प्रमाण विचलनाने भागा, हे दोन्ही परीक्षांसाठी करा आणि फरक पाहा.

दोन, एखाद्या परीक्षेत तळाला गेलेली मुलं पुढच्या वेळी काहीही न करता थोडी वर येतात. त्यांच्या कमी गुणांत आजारपण, न आलेला एखादा धडा, वाईट दिवस यांचा वाटा असतो आणि तो दर वेळी येत नाही. म्हणून सुरुवातीची पातळी किमान दोन परीक्षांच्या सरासरीने धरावी आणि सुधारणाही पुढच्या दोन परीक्षांत टिकलेली असावी.

तीन, ज्याला ९६ आहेत त्याने वर जायचं कुठे?

मला यातला सर्वांत बरा वाटणारा उपाय म्हणजे गट पाडणे. इयत्तेच्या सगळ्या तुकड्या एकत्र घ्या. १२० मुलं असतील तर सुरुवातीच्या पातळीनुसार ३०-३० चे चार गट करा आणि प्रत्येक गटातल्या मुलांची तुलना त्याच गटात करा. तळातून थोडं वर येणं त्या गटात सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्यामुळे त्याचा फायदा एकट्याला मिळत नाही. वरच्या गटातही चुरस राहते. अगदी छताला टेकलेल्यांना या बक्षिसातून वगळून यशाच्या यादीत ठेवावं.

तक्ता करताना एक नेहमीची चूक टाळा. गैरहजर मुलाच्या रकान्यात शून्य टाकू नका, रकाना रिकामा सोडा. शून्य टाकलं की सरासरी खाली ओढली जाते, विचलन फुगतं आणि सगळ्यांचेच आकडे बिघडतात.

आणखी एक. पहिल्या चाचणीवरच पातळी ठरणार हे कळलं, तर काही मुलं ती मुद्दाम सैल सोडतात. मागच्या वर्षीची वार्षिक परीक्षा पातळीत धरली की ही वाट बंद होते.

तासिका_सातवी

वरच्या हिशेबाशी सहमत, पण त्याने प्रयत्न मोजले जातात असं कुणी समजू नये. प्रगती हा परिणाम झाला. भरपूर प्रयत्न करून जागेवरच राहिलेलं मूल या सूत्राला दिसत नाही.

आणि प्रयत्न कळतात तरी कसे? चेहऱ्यावरून ठरवायला गेलं की सुवाच्य अक्षर, सजवलेली वही, सतत वर असलेला हात यांना गुण मिळतात. 'रोज किती तास अभ्यास करतोस' हा प्रश्नही निरुपयोगी, कारण घरी वेळ आणि जागा कुणाला किती मिळते यावर त्याचं उत्तर ठरतं. गृहपाठालाही हेच लागू. घरी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीचा गृहपाठ अर्धा राहतो, त्याचा प्रयत्नाशी संबंध नसतो.

म्हणून शाळेच्या वेळेत, शिक्षकांसमोर घडणाऱ्या कृतीच धराव्यात. चुकलेलं उत्तर सुधारून पुन्हा आणून दाखवलं. नेमकी कुठली पायरी अडली ते सांगून मदत मागितली. एक पद्धत जमली नाही म्हणून दुसरी करून पाहिली. मिळालेल्या शेऱ्यानुसार पुढच्या निबंधात बदल केला. या चार गोष्टी कुठल्याही विषयात दिसतात आणि हुशार-मठ्ठ असा भेद न करता दिसतात.

यासाठी शिकवण्यातही थोडा बदल लागतो, हे सहसा कुणी सांगत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका परत देऊन विषय तिथेच संपवला, तर सुधारून दाखवायची संधीच उरत नाही. चाचणीनंतर एक तास फक्त दुरुस्तीसाठी ठेवा. मुलाने चुकलेल्या प्रश्नांपैकी कोणतेही तीन निवडायचे, चूक कुठे झाली ते एका ओळीत लिहायचं आणि प्रश्न पुन्हा सोडवायचा. नोंदींचा साठा त्या एका तासातच मिळतो.

कौतुकाच्या भाषेबद्दल: क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'तू हुशार आहेस' असं ऐकलेली मुलं अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर लवकर खचली. 'तू मेहनत घेतलीस' असं ऐकलेली अधिक टिकून राहिली. मात्र यावर फार इमले बांधू नयेत. मुलांची मानसिकता (बुद्धी वाढवता येते की ठरलेलीच असते, याबद्दलची समजूत) आणि त्यांचे गुण यांच्या संबंधावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये आला, त्यात तो संबंध एकूण क्षीणच निघाला. शब्द बदलले की निकाल बदलतो, असं होत नाही. पण काय केलं ते नेमकं सांगितलेलं कौतुक मुलाला पुढच्या वेळी उपयोगी पडतं, एवढा फायदा नक्की.

खिडकीजवळचा_बाक

शंभर टक्के हजेरीच्या प्रशस्तिपत्राबद्दल कुणी लिहील का? निकष स्वच्छ आहे, वाद होत नाहीत, यादी मस्टरमधून थेट निघते. म्हणून सगळीकडे हे बक्षीस असतंच.

संदर्भखोली

निकष स्वच्छ आहे, पण तो मोजतो काय? आजारी न पडणं आणि घरी अडचण न येणं. ताप असताना शाळेत येणाऱ्या मुलाला बक्षीस आणि घरी थांबून इतरांना संसर्गापासून वाचवणारा यादीबाहेर, हे नागरिकभानाच्या विरुद्धच झालं.

शिवाय ते हजेरीही वाढवत नाही. अमेरिकेत सहावी ते बारावीच्या १५,३२९ विद्यार्थ्यांवर झालेला मोठा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना आधीच सांगितलं, की अमुक महिन्यात पूर्ण हजेरी लावली तर पुरस्कार मिळेल. त्याने सरासरी फरक पडला नाही. काहींना मागच्या एखाद्या महिन्यातल्या पूर्ण हजेरीबद्दल अचानक पुरस्कार दिला. त्यांची पुढची हजेरी कमी झाली. संशोधकांनी लावलेला अर्थ विचार करायला लावणारा आहे: पुरस्कारातून मुलांनी असा संदेश घेतला, की आपण इतरांपेक्षा आणि शाळेच्या अपेक्षेपेक्षाही जास्त दिवस आलो आहोत.

वस्तूरूप बक्षिसांबद्दलही सांगते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीची मुलं होती. 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी कबूल केलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. ज्यांना तेच प्रमाणपत्र न सांगता मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली. पुढे १९९९ मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोएस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १२८ अभ्यास एकत्र तपासले. आधी कबूल केलेली वस्तूरूप बक्षिसं आतली आवड कमी करतात, असाच सूर त्यातून निघाला.

आणि बक्षीस द्यायचंच, तर ते मुलाच्या हातात असलेल्या कृतीला द्यावं. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांच्या २०११ मधल्या लेखात अमेरिकेतल्या शहरांमधले पैशांच्या बक्षिसांचे प्रयोग आहेत. परीक्षेच्या गुणांसाठी पैसे देऊन गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचल्याबद्दल पैसे दिले, तिथेही सगळ्यांचं नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचं वाचनाचं आकलन सुधारलं. गुण वाढवायला नेमकं काय करायचं हे मुलाला माहीत नसतं. पुस्तक कसं वाचायचं हे माहीत असतं.

ग्रंथालय_तास

नागरिकभानाबद्दल. इथे सर्वांत मोठा घोळ म्हणजे 'कधीच तक्रार आली नाही' यालाच चांगलं वागणं समजणं. गप्प बसणाऱ्या मुलाने कुणासाठी काही केलंच असेल असं नाही. उलट वर्गातल्या चिडवाचिडवीबद्दल उभं राहून बोलणारी मुलगी काहींना उद्धट वाटते.

नोंद घेताना दोन प्रश्न विचारावेत. हे काम त्याच्यावर सोपवलेलं होतं का? आणि त्याचा उपयोग कुणाला झाला? वर्गप्रमुखाने हजेरीचं मस्टर वेळेवर आणणं हे त्याचं कर्तव्य. नव्या आलेल्या मुलाला पहिले आठ दिवस मधल्या सुट्टीत सोबत नेणं हे त्याच्यावर सोपवलेलं नव्हतं. नोंद या दुसऱ्या कृतीची करायची. निधी किंवा वस्तू गोळा करण्याच्या उपक्रमात 'सर्वाधिक रक्कम' हा निकष कधीही लावू नका. तिथे पालकांच्या खिशाला बक्षीस मिळतं.

मुलांचं मतदान घेऊ नये, ते लोकप्रियतेवर जातं. त्याऐवजी सूचनापेटी ठेवावी आणि चार ओळींची चिठ्ठी छापावी: कोण, कधी, काय केलं, लिहिणाऱ्याचं नाव. पेटी आठवड्यातून एकदा उघडावी. एकाच मुलासाठी त्याच शब्दांत लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या आल्या तर ती एकच चिठ्ठी धरायची. चिठ्ठ्यांची संख्या मोजायची नाही, प्रसंग वाचायचे. त्याआधी मुलांना चांगली आणि मोघम अशा दोन नमुना चिठ्ठ्या दाखवाव्यात, नाहीतर 'तो सगळ्यांना मदत करतो' याच वाक्याचा ढीग जमा होतो.

शिपाई, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, मैदान सांभाळणारे यांच्याकडून तोंडी नोंदी घ्याव्यात आणि कुणीतरी त्या लिहून घ्याव्यात. कुणाचं लक्ष नसताना मुलं कशी वागतात हे त्यांनाच सर्वाधिक दिसतं. पुरस्कारासाठी किमान दोन वेगवेगळ्या माणसांच्या नोंदी हव्यात, हा नियम ठेवला की एकाच शिक्षकाचा लाडका पुढे सरकत नाही.

पाटी_पेन्सिल

@ग्रंथालय_तास, एक धोका राहिला. कुणाला कशासाठी मदत केली हे मंचावरून वाचलं, तर मदत घेणारं मूल उघडं पडतं. आजार, घरातली अडचण, दादागिरीचा प्रसंग यांतलं काहीही प्रशस्तिपत्रावर लिहू नये. अशा वेळी मुख्याध्यापकांनी त्या मुलाला स्वतंत्र पत्र द्यावं. त्यातही दुसऱ्या मुलाचं नाव नको.

किशोरवयीन मुलांना सगळ्यांसमोर झालेलं कौतुक नेहमी आवडतंच असंही नाही. आधी विचारावं: मंचावर, वर्गात की नुसतं पत्र? बोलताना अडखळणाऱ्या किंवा गर्दीला बुजणाऱ्या मुलाला ही निवड दिली नाही, तर तो त्या दिवशी गैरहजर राहतो.

कोरी_वही

सगळ्यांचे आभार. निवड समितीबद्दल लिहायचं राहिलं होतं.

समिती पाच जणांची असावी, त्यात किमान एक शिक्षकेतर कर्मचारी. ज्याचं स्वतःचं मूल किंवा नातलग त्या इयत्तेत आहे, त्याने त्या इयत्तेच्या निवडीत बसू नये. नोंदी नावं झाकून वाचाव्यात. लहान शाळेत प्रसंगावरून मूल ओळखू येतं, तरीही पहिलं वाचन असंच करावं. प्रत्येक नोंदसंच (एका मुलाच्या सगळ्या नोंदी) दोघांनी स्वतंत्रपणे ० ते ३ या श्रेणीत ठेवायचा. ० म्हणजे कृती स्पष्ट नाही, १ म्हणजे एकदाच घडलेली, २ म्हणजे पुन्हा पुन्हा दिसलेली, ३ म्हणजे अडचण असूनही टिकवलेली. दोघांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याने वाचायचं. सुरुवातीला पाच नमुना संच सगळ्यांनी मिळून तपासले की श्रेणींचा अर्थ सारखा बसतो. ही पायरी गाळली तर एक जण सढळ हाताने ३ देतो आणि दुसरा २ च्या वर जातच नाही.

किती जणांना द्यावा? 'प्रत्येक वर्गातून दर महिन्याला एक' ही पद्धत काही महिन्यांत पाळी होऊन बसते आणि मुलांना ते लगेच कळतं. प्रयत्नांसाठी ठरलेली पातळी गाठणाऱ्या सगळ्यांना द्यावा, एखाद्या महिन्यात कुणीच नसेल तर कुणालाच नाही. यशाला क्रमांक असायला हरकत नाही, कारण तिथे चुरस उघड असते. नागरिकभानाला क्रमांक नकोतच.

गुणपत्त्या किंवा तारे देण्याची पद्धत असेल, तर प्रत्येक शिक्षकाला आठवड्याची मर्यादा घाला, सगळ्यांना सारखी. आणि मिळालेले तारे शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. शिस्तीचा मामला वेगळा चालवा. मंगळवारी केलेलं चांगलं काम गुरुवारच्या भांडणाने खोटं ठरत नाही.

गणिती_कोन

श्रेणी ३ बद्दल शंका. 'अडचण असूनही' हे लिहायला समितीला अडचण माहीत हवी. ज्या मुलाने घरची परिस्थिती कुणाला सांगितलीच नाही, तो २ वरच अडकणार.

कोरी_वही

मुद्दा मान्य. ३ चा अर्थ 'पहिल्या अपयशानंतरही चालू ठेवलेली कृती' असा करावा. अपयश वर्गातच दिसतं, त्यासाठी घरची चौकशी लागत नाही. वरची व्याख्या कुणी वापरणार असेल तर हा बदल करून वापरावी.

मंच_आणि_माइक

समारंभाचा हिशेब देतो, कारण चांगली निवडही इथे वाया जाते. नाव, बारा शब्दांचं कारण, चालत येणं, प्रशस्तिपत्र घेणं याला मिळून साधारण २० सेकंद लागतात. ९० पुरस्कारांना ३० मिनिटं. पण हे तेव्हाच, जेव्हा पुढची पाच मुलं मंचाच्या पायऱ्यांशी उभी असतात. प्रत्येक जण जागेवरून उठून आला तर दुप्पट वेळ जातो आणि मग पाहुणे घाईत आहेत म्हणून कारणं वाचणं बंद होतं. नुसती नावं वाचायची असतील तर वर्षभर नोंदी कशाला केल्या? भाषणं कापा, कारणं कापू नका. पुरस्कार १५० च्या वर गेले तर इयत्तानिहाय वेगळे कार्यक्रम करा.

क्रम उलटा ठेवा. नागरिकभान आणि प्रयत्न आधी, क्रमांक शेवटी. सभागृहाचं लक्ष सुरुवातीला जास्त असतं आणि क्रमांकांना टाळ्या कधीही मिळतातच.

प्रशस्तिपत्रं पुकारण्याच्या क्रमाने लावून दर दहांनंतर रंगीत कागद घाला, म्हणजे एखादं चुकलं तरी गोंधळ दहाच्या पुढे जात नाही. गैरहजर मुलाचं पत्र लगेच वेगळ्या फाइलमध्ये जावं, गठ्ठ्यात राहिलं की पुढचं प्रत्येक पत्र चुकीच्या हातात पडतं. नावांचं शुद्धलेखन शाळेच्या मूळ नोंदवहीशी ताडून पाहा आणि छपाईपूर्वी मुलाकडून सही घ्या. आडनावाचा उच्चार निवेदकाने त्याच मुलाकडून ऐकून कागदावर लिहून ठेवावा. कोरी पत्रं थोडी जास्त छापावीत, शंभराला पाच.

खिडकीजवळचा_बाक

आणि समारंभ झाल्यावर कळलं, की कुणाचं तरी नाव राहून गेलं, तर?

मंच_आणि_माइक

नोंदी असतील तर आठवडाभरात तेच प्रशस्तिपत्र, त्याच तारखेचं, मुख्याध्यापकांनी त्याच्या वर्गात जाऊन द्यावं आणि कारण पूर्ण वाचावं. पालकांना आधी कळवावं, म्हणजे ज्यांना यायचंय ते येतील. समितीच्या वहीत नाव का सुटलं ते लिहावं. बहुतेक वेळा वर्ग बदललेल्या मुलाच्या नोंदी जुन्या तुकडीच्या पानावरच राहिलेल्या असतात. तुकडी बदलली त्याच दिवशी पान हलवायचं काम वर्गशिक्षकांकडे नेमून दिलं, तर हे टळतं.

तासिका_सातवी

+१. आणि शाळा मध्येच सोडून जाणाऱ्या मुलाच्या नोंदींची प्रत दाखल्यासोबत त्याच्या हाती द्यावी. नव्या शाळेत त्याला ओळखणारं कुणी नसतं, तिथल्या वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात ती वाचता येईल.